पाच नंबरचा पंचम

मधुकर निपाणीकर बंगळूरला मास्तर म्हणून आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी शाळेत नसलेली एक मुलगी अकरा दिवस हजर मांडली. नुसती मांडली असती तर एक वेळ चाललं असतं. सरकारी कागदावर काय वाटेल ते हजर असतं. पण निपाणीकरांनी त्या नसलेल्या मुलीच्या तब्येतीची चौकशीही केली. रजिस्टरातून मान वर न करता ते म्हणाले, "पाच नंबर, घसा बसलाय का गं तुझा? गरम पाणी पी. घरी सांग, मिठाच्या गुळण्या करायच्या." वर्गात खसखस पिकली. निपाणीकरांना वाटलं, आपण मुलांमध्ये लोकप्रिय व्हायला लागलो.

आता हे कसं घडलं ते कळायला आधी ती शाळा कळायला हवी.

सत्तावन्न साल. निपाणी नुकतीच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आली होती, आणि निपाणीपाठोपाठ निपाणीकरही. मराठी घरची, कानडी दारची, अशा दोन्ही भाषा येणाऱ्या या चोवीस वर्षांच्या मास्तरांना खात्याने थेट राजधानीत पाठवलं. चामराजपेटेतल्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, लाकडी जाळीच्या व्हरांड्याच्या जुन्या घरात, नादविद्या प्राथमिक शाळा भरत असे. हेडमिस्ट्रेस राजलक्ष्मी अम्मा यांचा असा सिद्धांत होता की पोर आधी सुरात आलं पाहिजे, मग अक्कल आपोआप येते. त्यामुळे त्या शाळेत सगळंच गाऊन चाले. पाढे तालात, नद्या रागात. दंगा करणाऱ्याला कोपऱ्यात उभं करण्याऐवजी अर्धा तास तंबोरा छेडायला बसवत. शाळेतले सगळ्यांत वांड तीन मुलगे पुढे उत्तम तंबोरा लावत, ते त्यामुळेच. याचा तोटा इतकाच होता की पहिलीची पोरं सातापर्यंत बिनचूक मोजत आणि आठाला पुन्हा एकावर येत.

हजेरीही गाऊनच. "हजर" म्हणायची पद्धत नव्हती. एक नंबरचं नाव पुकारलं की त्याने 'सा' लावायचा, दोन नंबरने 'री', तीनने 'ग', असं करत आठ नंबरने वरचा 'सा' लावला की पहिला फेरा संपला. नऊ नंबर पुन्हा खालचा 'सा'. तिसरीत चोवीस मुलं, म्हणजे तीन फेरे. हजेरी झाली म्हणजे मुलांचा सकाळचा रियाझही झाला. संगीताचे भीमाचार्य मास्तर दाराशी मांडीवर ताल धरून ऐकत आणि कुणाचा धैवत उतरला तर जागच्या जागी कान पिळत. निपाणीकरांना हे सगळं आवडलं. त्यांना वाटलं, मुलं भैरव गातात. भीमाचार्यांनी सांगितलं, हा मायामाळवगौळ. निपाणीकरांनी "बरं" म्हटलं. नव्या गावात माणसाने कशाकशाला "बरं" म्हणायचं, याला काही मर्यादा नसते.

आणि मग अंबूबाई. अंबूबाईंना सगळी शाळा अंबक्का म्हणे. कागदोपत्री त्या शाळेच्या आया. घंटा देणं, व्हरांडा पुसणं, पाणी भरणं, लहानग्यांची नाकं पुसणं ही कामं. घर मराठी, पण ते तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मुरलं होतं की निपाणीकरांना पहिले आठ दिवस ही कुठली भाषा आहे ते कळेना, आणि कळलं तेव्हा ती आपलीच निघाल्याने ते जरा ओशाळले. "मास्तर, स्वल्प पाय वर घ्या, भुई ओली आहे," असं म्हणून त्या त्यांच्या खुर्चीखालून फडकं फिरवत. निपाणीकर पाय वर घेत आणि नीट हजेरी मांडत राहत.

शाळा सुरू झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, अंबक्का रोज सकाळी ती हजेरी ऐकत व्हरांडा पुसत आल्या होत्या. एखादं पोर आलेलं नसलं की त्याच्या जागी सूर तुटायचा. सातव्या पायरीशी जिना मोडल्यासारखं. ते अंबक्कांना सोसायचं नाही. फडकं पिळता पिळता, दाराबाहेरूनच, त्या तेवढा एक सूर भरून द्यायच्या. बारीक आवाजात, पोरांच्या आवाजात मिसळून. जुन्या मास्तरांना हे ठाऊक होतं. सूर चटईवरून आला की हजर, दारातून आला की गैरहजर, असा त्यांचा सोपा हिशेब. पण जुने मास्तर निवृत्त होताना निपाणीकरांना खडूची पेटी, दोन डस्टर आणि एक गळकी दौत सोपवून गेले. हे मात्र सांगायला विसरले. निपाणीकरांना लांबचं कमी दिसे आणि जवळचं बोलायला लाज वाटे. ते रजिस्टरात डोकं खुपसून कानाने हजेरी मांडत. पाच नंबर, आर. चंपा. 'प'. हजर.

अकराव्या दिवशी इन्स्पेक्टर आले.

काळा कोट, डोक्याला जरीचा रुमाल, हातात छत्री. त्यांनी रजिस्टर पाहिलं. "पट चोवीस?"

"चोवीस, सार."

"आज हजर?"

"चोवीस."

इन्स्पेक्टरांनी डोळ्यांनी मुलं मोजली. मग छत्रीच्या टोकाने मोजली. मग म्हणाले, "घ्या बघू हजेरी."

निपाणीकरांनी घेतली. तीन फेरे झाले, एकही सूर इकडचा तिकडे नाही. इन्स्पेक्टर माणूस रसिक. शेवटचा 'सा' लागला तशी त्यांची मान डोलली, "भेष!" अशी दाद तोंडातून निघून गेली, आणि मग त्यांना आपण कोण आहोत ते आठवलं.

"आवाज चोवीस आले," ते म्हणाले. "डोकी तेवीस आहेत."

निपाणीकरांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"पुन्हा घ्या. सावकाश." पुन्हा सा, री, ग, म. "आर. चंपा," निपाणीकर म्हणाले, आणि 'प' आला, स्वच्छ, किंचित घोगरा. समोरच्या तेवीस तोंडांपैकी एकही उघडलेलं नव्हतं.

"पाच नंबर," इन्स्पेक्टर कडाडले, "उभी राहा!"

दारातून आवाज आला, "मी कधीची उभीच आहे, स्वामी."

अंबक्का. डाव्या हातात फडकं, उजव्या हातात पितळी घंटा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता याच्यापेक्षा सरळ कसं उभं राहायचं ते तुम्हीच दाखवा.

ऑफिसात इन्स्पेक्टरांनी शेरा लिहिला, राजलक्ष्मी अम्मांनी माफी मागितली, कॉफी आली, इन्स्पेक्टर प्यायले आणि गेले. जाताना त्यांनी भीमाचार्यांकडे त्या बाईच्या पंचमाची तारीफ केली, असं म्हणतात. पण शेरा शेराच. अम्मा म्हणाल्या, "निपाणीकर, शाळेचा नियम आहे. न कळवता दहा दिवस गैरहजर, की नाव कमी. बाहेर बारा मुलांचे अर्ज पडलेत. लाल शाई घ्या."

तेव्हा कुठे निपाणीकरांना कळलं की आर. चंपा ही अंबक्कांची नात. लेकीची लेक. लेक मथुरा वारली तेव्हा पोर दोन वर्षांची, तेव्हापासून अंबक्कांपाशी. पहाटे घंटेसोबत शाळेत यायची, संध्याकाळी कुलपासोबत घरी जायची. बाप रघुजी कोलारला सोन्याच्या खाणीत. त्याने दुसरं घर मांडलं होतं. एका रविवारी तो आला, पोरीला नवा फ्रॉक घातला आणि "चार दिवस नेऊन आणतो" म्हणून घेऊन गेला.

निपाणीकरांनी पट्टी घेतली. दारात अंबक्का.

"स्वल्प थांबा, मास्तर. चार दिवसांसाठी नेलंय."

"अक्का, अकरा झाले."

"रघुजीला मोजता येत नसेल. शाळेत कुठं गेलाय तो?"

"अक्का, मी काय करू? नियम आहे."

"नियम सरी आहे, बरोबर आहे, मास्तर," अंबक्का म्हणाल्या. "पण ती आली आणि जागा नसली तर? पाच नंबर दुसऱ्या कुणाला दिला तर ती बसेल कुठं, गाईल काय?"

निपाणीकरांनी रेघ ओढली. पट्टीने ओढूनही ती वाकडी आली. अंबक्कांनी ती नीट पाहिली, आणि घंटा द्यायला गेल्या. घंटा वेळेवर झाली. एक मिनिटही मागे नाही, पुढे नाही.

दुसऱ्या दिवशी निपाणीकरांनी नव्या हिशेबाने हजेरी सुरू केली. सहा नंबरच्या भागूला म्हणाले, "भागू, आजपासून तू पाच. 'प' म्हण."

"प चंपाचा आहे, सार. मी ध."

"अगं, आता चंपा नाही."

"मग प नाही," भागू म्हणाली.

निपाणीकरांनी दटावून पाहिलं, गोडीने सांगून पाहिलं. पण दोन वर्षं रोज सकाळी जी पोर 'ध' होती, तिला शाईच्या एका रेघेने 'प' करता येत नाही. ज्याला चंपाची रिकामी जागा मिळाली, त्या गुंडो नावाच्या मुलाला पाचवर बसवावं, तर वर्गाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो रडायलाच लागला. शेवटी त्याला पंचवीस नंबर दिला. तीन फेरे संपल्यावर तो एकटाच पुन्हा खालचा 'सा' लावायचा आणि मागे वळून पाहायचा, आपला 'री' कुठे आहे म्हणून.

तर असं झालं, की तिसरीची हजेरी सा, री, ग, म अशी चढायची, मग एक मात्रा गप्प, मग ध, नी, सा. दुसरा आणि तिसरा फेरा धडधाकट. पहिला तेवढा लंगडा. भीमाचार्य खवळले. "पंचम वर्ज्य करून नवीन राग काढलात की काय, निपाणीकर? नाव काय ठेवलं?" पण ती गप्प मात्रा आली की त्यांचाही हात मांडीवर पडायचा, हलकेच, आणि तिथेच राहायचा.

अम्मांनी अंबक्कांना ताकीद दिली होती की तिसरीत सूर भरायचा नाही. अंबक्कांनी ती अक्षरशः पाळली. हजेरीची वेळ झाली की त्या बादली घेऊन परसात जात आणि नळ पुरता सोडून देत, म्हणजे काही ऐकू येऊ नये. त्या गप्प मात्रेत परसातलं नळाचं पाणी मात्र वर्गात ऐकू यायचं.

निपाणीकर त्यांच्याशी फार बोलायचे नाहीत. धीर व्हायचा नाही. अंबक्काच एके दिवशी मधल्या सुट्टीत कॉफीचा पेला घेऊन आल्या, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तर, हल्ली मान वर असते वाटतं?"

निपाणीकर हसले. मग त्यांना वाटलं आपण हसायला नको होतं. मग अंबक्काच हसल्या. तेव्हापासून दोघांचं जमलं.

निपाणीकरांनाही बोलायला कुणीतरी हवंच होतं. त्यांना निपाणीची आठवण अवेळी यायची. बंगळूरची हवा चांगली, पाणी चांगलं, माणसं चांगली, आणि नेमका याचाच त्यांना राग यायचा. निपाणीत तंबाखूच्या वखारींवरून जाताना शिंका यायच्या. इथे वर्षभरात एक शिंक नाही. "अक्का, मला शिंक येत नाही हो इथं," ते एकदा काकुळतीने म्हणाले. अंबक्कांनी त्यांना चिमूटभर तपकीर भीमाचार्यांच्या डबीतून चोरून आणून दिली. शिंका आल्या. डोळ्यांतून पाणीही आलं. "तपकीर तिखट आहे," निपाणीकर म्हणाले. अंबक्का म्हणाल्या, "असते."

दर मार्चमध्ये ते बदलीचा अर्ज करायचे आणि दर महिन्याला अंबक्कांचं कार्ड लिहायचे. अंबक्कांना अक्षरं येत नव्हती. कार्ड कोलारला जायचं, कानडीत, रघुजीच्या नावे. सांगायच्या अंबक्का.

"लिवा. नवे तंबोरे दोन आले."

"बरं."

"भीमाचार्यांचा दात पडला, आता त्यांना 'स्वर' म्हणता येत नाही, 'फ्वर' म्हणतात. लिवा."

"अक्का, हे रघुजीला कशाला?"

"त्याला नाही. ती वाचेल, हसेल. लिवा पुढं. पंचम रिकामा आहे. साकू, एवढं पुरे."

"परत पाठवा, असं लिहू का?"

"कार्डावर जागा किती असते, मास्तर?" अंबक्का म्हणायच्या, आणि कार्ड अर्धं कोरं जायचं.

जून आला, ती मुलं चौथीत गेली. नवी तिसरी आली, नवं रजिस्टर. निपाणीकरांनी एक ते चार नावं लिहिली आणि पाचव्या ओळीवर त्यांची लेखणी थांबली. मग त्यांनी ती ओळ सोडली आणि सहापासून पुढे लिहिलं. मुलांना सांगितलं, "तिसरीत पाच नंबर नसतो." मुलांनी ते मान्य केलं. मुलं असल्या गोष्टी फार समजूतदारपणे घेतात. 'ङ' नावाचं अक्षर असतं आणि त्याचा शब्द कधी भेटत नाही, हेही त्यांनी विनातक्रार घेतलेलं असतं. राजलक्ष्मी अम्मांनी रजिस्टरावर सही करताना चष्मा खाली घेतला. "निपाणीकर, तुम्हाला पाचाचा काही त्रास आहे का?"

"नाही, अम्मा."

"बरं," म्हणून त्यांनी सही केली.

मग दर जूनला तसंच. दुसऱ्या वर्षीपासून मुलांना ती गप्प मात्रा शिकवावीही लागेना. दुसरीतली पोरं भिंतीपलीकडून ऐकून तयारच येत. एका पालकाने येऊन तक्रार केली की आमची मुलगी घरी सरगम म्हणताना 'म' नंतर श्वास घेते, तिला दमा आहे काय? भीमाचार्यांनी गंभीरपणे सांगितलं, "नाही. ती तिसरीत आहे."

या एवढ्या वर्षांत कोलारहून उत्तर एकदाच आलं. साठ सालच्या दसऱ्याच्या सुमाराला. कार्ड रघुजीचं होतं. सगळं क्षेम, चंपा इथल्या शाळेत जाते, इतकंच. पण खाली कोपऱ्यात गोल गोल पोरसवदा अक्षरात आणखी एक ओळ होती. अंबक्कांनी कुठल्याशा कार्डात "तिथं तुझा नंबर काय?" असं विचारायला लावलं होतं, त्याचं ते उत्तर. निपाणीकरांनी वाचून दाखवलं, "अव्वा, माझा नंबर पंचेचाळीस."

अंबक्का खाली बसल्या. बोटांच्या पेरांवर मोजू लागल्या. आठाचा एक फेरा, सोळा, चोवीस, बत्तीस, चाळीस. मग एकेक पेर. सा, री, ग, म... अंगठा पाचव्या पेरावर आला आणि त्यांचा चेहरा असा उमलला की निपाणीकरांनी तो पुन्हा कधी तसा पाहिला नाही.

"प!" त्या म्हणाल्या. "मास्तर, तिथंही तिला पंचमच दिलाय!"

पुन्हा मोजलं. पुन्हा 'प'च आला. निपाणीकरांच्या जिभेवर आलं होतं की अक्का, इतर शाळांत नंबराला सूर नसतो. नंबर म्हणजे नुसता नंबर. पण त्यांनी आयुष्यात एक लाल रेघ ओढली होती, तेवढी पुरे होती. ते म्हणाले, "पंचेचाळीस म्हणजे पंचमच, अक्का. दुसरं काय असणार?"

तेव्हापासून अंबक्का हजेरीला परसात जाईनाशा झाल्या. पूर्वीसारख्या दाराशी बसून व्हरांडा पुसत. पाचवी मात्रा आली की फडकं थांबायचं. सूर मात्र त्या भरत नसत. तिकडे कोलारला ती आत्ता लावत असेल, मग इथं आपण कशाला?

पासष्ट सालच्या जूनमध्ये निपाणीकरांचा अर्ज मंजूर झाला. आठ अर्ज गेले होते. सरकारला आठवा आवडला. दसऱ्यानंतर निपाणीला हजर व्हायचं. हा कागद हातात पडला की आपण शाळाभर पेढे वाटू, असं त्यांनी आठ वर्षं ठरवलं होतं. कागद हातात पडला आणि त्यांनी तो गणिताच्या पुस्तकात ठेवून दिला. महिनाभराने अंबक्कांना सांगितलं.

"जा," अंबक्का म्हणाल्या. "आई वाट बघत असेल. शिंकायला येईल."

"माझ्यामागून जो येईल तो पाच नंबर भरेल, अक्का."

अंबक्का पितळी घंटा चिंचेने घासत होत्या. ती उलटी करून आतून घासता घासता म्हणाल्या, "भरू दे की. तवर येईल ती."

आणि ती आली.

श्रावणात; इकडे श्रावणातही लग्नं लागतात. नात्यातल्या एका लग्नाला रघुजी सहकुटुंब चामराजपेटेत आला. मांडवातून सकाळीच अंबक्का नातीचा हात धरून तिला थेट शाळेत घेऊन आल्या. सोळा वर्षांची उंच मुलगी, दोन वेण्या, हातभर बांगड्या, परकरावर ओढणीसारखी नायलॉनची दावणी. दुपारपर्यंतच उसंत होती. अंबक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं, आणि तरीही सवयीने फडकं कमरेला खोचलेलं होतं.

वर्गाबाहेर त्यांनी निपाणीकरांना गाठलं. "मास्तर, आज हजेरी स्वल्प सावकाश घ्या."

निपाणीकरांना सगळं समजलं. त्यांनी चष्मा पुसला. आता त्यांना चष्मा होता. रजिस्टर उघडलं. पाचवी ओळ कोरी. चंपा दाराच्या चौकटीला टेकून उभी, अंबक्का तिच्या मागे. पलीकडून भीमाचार्य येऊन उभे राहिले. अम्माही ऑफिसच्या दारात आल्या.

"एक नंबर."

सा. मग री. मग ग. चार नंबरच्या मुलाने 'म' लावला, आणि पोरं सवयीप्रमाणे गप्प मात्रेसाठी थांबली. त्या मात्रेत निपाणीकर मास्तरांनी, आठ वर्षांत न पुकारलेलं नाव पुकारलं.

"आर. चंपा."

मुलं चकित होऊन दाराकडे वळली. चंपाने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग तिला समजलं की हाक आपल्यालाच आहे. तिला गंमत वाटली. ती टाचा जुळवून ताठ उभी राहिली आणि खाणीतल्या शाळेत म्हणत असेल तसं, खणखणीत म्हणाली,

"येस, सार!"

पोरं खदखदून हसली. चंपाही हसली. हसणं ओसरलं तरी सहा नंबर थांबलाच होता; त्याला वाटलं, अजून काहीतरी यायचंय. निपाणीकरांना वाटलं, आता दारातून येईल. बारीक, किंचित घोगरा. अंबक्कांचे ओठ मिटलेले होते. मग सहा नंबरने भीतभीत 'ध' लावला, आणि हजेरी पुढे गेली.

हजेरीनंतर व्हरांड्यात अंबक्का नातीला म्हणत होत्या, "अगं, तुझा प? तिथं पंचेचाळीस नंबरला काय म्हणायचीस?"

"येस सारच म्हणायचं ना, पाटी! सगळेच म्हणायचे." पूर्वी ती आजीला 'अव्वा' म्हणायची, खाणीतल्या शेजारणींकडून आता तमिळ 'पाटी' झालं होतं. "गाणं कुठलं तिथं? 'प' म्हणजे कसा असतो? तू म्हणून दाखव ना."

"दाखवीन," अंबक्का म्हणाल्या. "जेवलीस का?"

मग चंपाने पुढे होऊन निपाणीकरांना नमस्कार केला आणि विचारलं, "सार, लालबागला कुठली बस जाते? आम्हाला काचघर बघायचंय, संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय." निपाणीकरांनी बस सांगितली, कुठे उतरायचं तेही सांगितलं. फार व्यवस्थित सांगितलं. अंबक्कांनी तिच्या वेणीतलं फूल नीट केलं, फाटकापर्यंत गेल्या, बांगड्यांचा आवाज क्रॉसच्या टोकाला वळेपर्यंत उभ्या राहिल्या. परत आल्या, कमरेचं फडकं काढलं, आणि नव्या लुगड्यातच खाली बसून व्हरांडा पुसायला लागल्या.

निपाणीकर रजिस्टर उघडं घेऊन बाहेर आले. पाचव्या ओळीवर त्यांनी आत्ताच, हजेरी संपता संपता, नाव लिहिलं होतं. आर. चंपा. शाई अजून ओली होती. नावापुढचा आजच्या तारखेचा चौकोन तेवढा रिकामा होता.

"अक्का," ते म्हणाले, "नाव पुकारलं, उत्तरही आलं. आता इथं काय मांडू, तुम्हीच सांगा."

अंबक्कांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, झटकलं.

"गैरहजर घाला, मास्तर."